आवर्तनाचं पाणी

मला पोहायला पप्पांनी शिकवलं, आमच्या गावच्या डोहात. नाशिक शहर ओलांडून गोदावरी खाली येते, तिथे काठावरच आमचं गाव. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ते मला पाण्यात सोडायचे. तळाची वाळू पायाला थंड लागायची, बारीक मासे बोटांना टोचायचे. डब्याशिवाय मी पहिल्यांदा पलीकडच्या काठाला लागले, त्या दिवशी वाटेत भेटेल त्याला ते सांगत सुटले होते.

या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा नंबर होता. पप्पा आवर्तनाची वाट बघत होते. धरणातून शेतीला पाणी सोडलं की नदीवर साचलेली पाणवेल वाहून जाते आणि पाणी नितळ दिसू लागतं. मग नदी धुऊन निघाली, असं गावात सगळेच म्हणतात. मीही तेच धरून चालले होते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नाशिकात इंदिरानगरला खोली घेऊन राहते. सुट्टीला येताना कॉलेजातून पाणी तपासायच्या दोन छोट्या बाटल्या मिळाल्या होत्या. पाण्यात मैला असेल तर दीड-दोन दिवसांत आतलं पाणी काळं पडतं. आवर्तन आल्यावर मी एक बाटली डोहात भरली आणि घरी आरशाशेजारी ठेवली. खरं तर ती तशीच राहावी असं वाटत होतं. दुसऱ्या संध्याकाळी पाणी काळंकुट्ट झालं होतं.

पप्पांना कसं सांगावं कळेना. जेवणं झाल्यावर मी म्हणाले, "हिला नदीत नका नेऊ."

"पाणी तर काचेवानी हाय," पप्पा म्हणाले.

"ताईला कॉलेजात घाबरायचंच शिकवतात वाटतं," बहीण म्हणाली.

मी बाटली पप्पांच्या हातात दिली. एका बाटलीवरून सगळं ठरवू नये, पण मैला असल्याची शंका आली तरी त्यात उतरू नये, असं मला समजलं तेवढं सांगितलं. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, फिरवली.

"तू पवायची म्हणून दर साल वाट बघायचो मी आवर्तनाची," ते म्हणाले. मग बाटली खाली ठेवली. "दुसरी विहिरीवर भर."

विहिरीचं पाणी काळं पडलं नाही. बहीण आमच्या पायऱ्यांच्या विहिरीत शिकली, माझ्यापेक्षा लवकरच. पण चार हात मारले की समोर भिंत यायची. एकदा पायरी धरून, दम खात तिने विचारलं, "पप्पा, नदीत असं सारखं वळावं लागत नसंल ना?"

"नाय," पप्पा म्हणाले. "नदीत लांब जाता यायचं."

तिने भिंतीला पाय लावला आणि परत फिरली.