सुमनबाईंची प्रार्थना आणि माझी खुर्ची

मंडळी, आज चर्चमध्ये माझी चांगलीच फजिती झाली.

आफ्रिकेतल्या मिशनच्या दवाखान्यात काही वर्षं नर्सचं काम करून मी परवाच धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले. आज इथला पहिला रविवार. सगळे सतरंजीवर बसलेले आणि माझ्यासाठी मात्र पुढे प्लास्टिकची खुर्ची! नको म्हणवेना, म्हणून बसले.

आमच्या घराशेजारी राहणाऱ्या सुमनबाईंनी प्रार्थना सुरू केली. मी गेल्यापासून दर रविवारी त्या माझ्यासाठी प्रार्थना करायच्या. आजही डोळे मिटून सवयीनं म्हणाल्या, "प्रभू, आमची पोरगी तिकडे एकटी हाये. तिले सुखरूप घरी आन."

पोरी तोंड दाबून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. म्हटलं, "बाई, मी आली ना! इथीच बसून आहो."

बाईंनी डोळे उघडून आधी माझ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं.

"दिसून राह्यली. पण पावण्यासारखी वर काऊन बसली वं?"

आणि सरकून त्यांनी सतरंजीवर जागा केली. मी मुकाट्यानं उतरून त्यांना खेटून बसले, तेव्हा कुठे त्यांनी "आमेन" म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, मी घरी आले ते परवा, की आज?