सिनेमांचे शेवट

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आयर्लंडमधल्या स्वोर्ड्सला माझ्याकडे आली, तेव्हा टीव्हीवर रोज दुपारी हॉलिवूडच्या एका नटीचे सगळे सिनेमे ओळीने दाखवत होते. आईला इंग्रजी येत नाही, पण ती एकही चुकवायची नाही. नटी आधी कॉलेजातली पोरगी झाली, मग नायिका, मग नायकाची वहिनी, मग कोणाची तरी आई. "आता दोनच सीन देतात मेले हिला," आई चिडून म्हणायची.

मी ऑफिसातून आले की ती चहा टाकायची आणि विचारायची, "शेवटी काय झालं गं?" मी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. डोकं भणभणलेलं असायचं, तोंडाला येईल ते सांगून मोकळी व्हायचे. रुसलेला नवरा परत यायचा, आजारी माणूस बरा व्हायचा.

परवा शेवटचा सिनेमा लागला. त्यात मुलगी म्हाताऱ्या नटीला वृद्धाश्रमात सोडून गाडीत बसते, इथवर आईने सांगितलं.

"मग येते की घ्यायला," मी बूट काढता काढता म्हटलं.

"येत नाही. मी शेवटपर्यंत पाहिला." आई माझ्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. "बाकीचे शेवटही तू रचलेलेच होते. कळायचं मला."

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "व्हिसा वाढवून मिळत नाही म्हणालीस, तेही त्यातलंच का गं?"

ते मात्र अक्षरन् अक्षर खरं होतं. मी फोनवर नियमांचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. ते इंग्रजीत होतं.