भिकनआबांची पुसलेली साडी

इथले भुताचे अनुभव मी डबा खाताना वाचतो, करमणूक म्हणून. सुनसान रस्ता, पांढरी साडी, पैंजण... भुतांना दुसरा उद्योग नाही का? आता मीच लिहितोय, तर घ्या हसून.

सुरतच्या उधन्यात साड्यांच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. सगळी डिझाइनं क्लाउडवर असतात. कन्सोल, म्हणजे क्लाउडचा ताबा घ्यायचं पान, उघडला की फाइल सिस्टीमची, म्हणजे प्रत्येक डिझायनरच्या कपाटांची, यादी दिसते — नाव, साइज, कोण जोडलेलं आहे. नवी बनवायची, जुनी उडवायची. त्यात भूत बसणार कुठे?

भिकनआबा आमचे जुने डिझायनर, अमळनेरकडचे. प्रत्येक साडीच्या पदराला कोपऱ्यात काळा ठिपका काढायचे. तीट! साडीला नजर लागते म्हणे. छपाईआधी मी तो पुसायचो आणि चारचौघांत आबांची अक्कल काढायचो.

गेल्या वर्षी आबा वारले. शेठ म्हणाले, "भाई, आबानुं जूनुं बधुं काढी नाखो." म्हणजे जुनं सगळं उडवा. आबांची मुलगी कोमल आमच्याच फोल्डिंग खात्यात आहे. ती धावत आली.

"दादा, आबानी मन्हा लगीनसाठे साडी काढेल शे. समदं पुसाना पहिले ती माले काढी देजो."

"हो गं," म्हणालो. मनात म्हटलं, निघाल्या डिझायनर साडी नेसायला! आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी आबांची फाइल सिस्टीम निवडली. डिलीट करण्याआधी कन्सोल पूर्ण नाव टाइप करायला लावतो. केलं. बॅकअप मीच आधी बंद केलेला. चहा घेताना कोमल आठवली... कप तसाच ठेवून क्लाउड कंपनीला फोन लावला. सपोर्टवाले म्हणाले, परत मिळणार नाही. तीन दिवस मी तिला टाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला, नव्या डिझायनरसाठी नवीन फाइल सिस्टीम बनवली. कोरी. उघडली तर आत एक फाइल — मोरपंखी साडी, पदरावर कापसाची बोंडं, कोपऱ्यात काळा ठिपका. फाइलचा मालक म्हणून आबांचा यूझर, जो मी स्वतः काढून टाकला होता. तारीख त्याच सकाळची.

'कॅशे असेल, सिंक असेल' म्हणणाऱ्या अर्ध्या हळकुंडाच्या पंडितांनो, ते सगळं मी तपासलंय.

साडी छापून कोमलला दिली. ठिपक्याला हात लावला नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि रडायला लागली.

"तुम्ही जपी ठेवी, दादा."

"हो," मी म्हणालो.

फाइल कुठून आली, ते आजही सांगता येत नाही. मी 'हो' का म्हणालो ते सांगता येतं, आणि त्याचीच लाज वाटते.