न बोलणाऱ्या हेड्विगचं पत्र

मी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे, आता रिटायर्ड. "माझ्या तोंडून कुणीतरी दुसरंच बोलतं" असं सांगणारे पेशंट चाळीस वर्षं पाहिले आणि प्रत्येकाला गोळ्या लिहून दिल्या. तेव्हा मी अशा अनाकलनीय अनुभवांच्या सदरात काही लिहीन, हे मलाच खरं वाटत नाहीये. पण बायको म्हणाली, "लिहून टाका हो, नाहीतर असेच गप्प बसून राहाल."

आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहतो. गेल्या मार्चमध्ये माझी कोलोनोस्कोपी होती — आतड्याची रुटीन तपासणी, सकाळी साडेनऊची. घरी न्यायला मुलगी आली होती, ऋचा. भूल उतरताना माणसं काहीबाही बरळतात, त्याचे व्हिडिओ काढायची हल्ली पद्धत आहे. तिनेही गंमत म्हणून फोन धरला होता...

मी नीट जागा झालो तेव्हा ती हसत नव्हती. शेजारी नर्स उभी होती, हातात ज्यूसचा ग्लास तसाच.

"डॉक्टर, तुम्ही जर्मनीत राहिला होतात का?" नर्सने विचारलं. नवरा आर्मीत असल्यामुळे ती स्वतः तिथे सहा वर्षं काढून आली होती.

"नाही. का?"

"आत्ता जर्मन बोलत होतात. पण जुन्या, खेड्यातल्या बायका बोलतात तसं. मला सगळं नाही समजलं. बहिणीला कळवा, मी जिवंत आहे, असं काहीतरी होतं."

"बाबा, व्हेन डिड यू लर्न जर्मन?" ऋचा म्हणाली.

मी कधीच शिकलो नव्हतो. मला जर्मनचं एक वाक्य येत नाही. पण जर्मन म्हटल्यावर एकच बाई आठवली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून इथे आलो आणि एका सरकारी मेंटल हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर म्हणून लागलो. बायकांच्या वॉर्डमध्ये हेड्विग होती (नाव बदललंय). तरुणपणी जर्मनीतून घरकामाला आलेली. मूल जन्मतःच गेलं, नवरा सोडून गेला, आणि एक दिवस ती रस्त्यात बसून रडत होती म्हणून पोलिसांनी उचलून आणली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तिला काय झालंय हे कुणी विचारलंच नाही. एका असायलममधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात... चाळीस वर्षं होऊन गेली होती. केव्हातरी तिने बोलणंच सोडलं. मी तिथे अकरा महिने होतो. तिचा आवाज एकदाही ऐकला नाही.

दुपारी मी वॉर्डच्या फोनवरून घरी बायकोशी मराठीत बोलायचो. हेड्विग खुर्ची ओढून जवळ येऊन बसायची. सीनियर डॉक्टर हसायचे — "युवर गर्लफ्रेंड इज वेटिंग." माझ्या उच्चारांनाही ते हसायचेच. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं. तिच्यासारखा परका दिसणं मला परवडणारं नव्हतं, असं तेव्हा वाटायचं.

एक दिवस फोन ठेवला आणि तिने माझी बाही धरली. सगळ्यांसमोर. मी हात झटकला, जरा जोरातच. तिने घडी घातलेला कागद माझ्या कोटाच्या खिशात सरकवला आणि निघून गेली. उघडून पाहिलं तर वेड्यावाकड्या रेघा. निरर्थक खरडणं, असं ठरवून मी तो फाइलला लावायचेही कष्ट घेतले नाहीत, माझ्याच कागदांत टाकून दिला. पुढच्याच आठवड्यात तिचा वार्षिक रिव्ह्यू आला. मी लिहिलं — "बदल नाही. बोलत नाही. येथेच ठेवावे." खाली सही केली. नंतर मी दुसरीकडे गेलो. ती तिथेच वारली, हे पुढे कुणीतरी बोलता बोलता सांगितलं.

कोलोनोस्कोपीहून घरी आलो तो थेट बेसमेंटमध्ये गेलो. रेसिडेन्सीच्या कागदांच्या खोक्यात दोन तासांनी तो कागद सापडला.

जवळच कोलंबसमध्ये एक नव्वदीचे निवृत्त शिक्षक आहेत, जर्मन वंशाचे. लोकांची जुनी पत्रं वाचून देतात. ऋचा मला त्यांच्याकडे घेऊन गेली. कागद बघताच ते म्हणाले, "ही जुनी जर्मन लिपी आहे. आता फारशी कुणाला वाचता येत नाही." मग त्यांनी सावकाश वाचून अर्थ सांगितला.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीही फोनवर अशी भाषा बोलता जी इथे कुणाला येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. मी आजारी नाही. मला फक्त दुःख झालं होतं. माझ्या बहिणीला कळवा, मी जिवंत आहे."

ऋचाने व्हिडिओ लावला. शिक्षक बोट ठेवून ओळीमागून ओळ ऐकत गेले. शब्द न् शब्द तेच होते. मध्येच ते थांबले. "पुन्हा लावा," म्हणाले. पत्रात एक ओळ खोडलेली होती. त्यांनी भिंग आणलं, कागद दिव्यासमोर धरला.

"हेही तुम्ही म्हटलंय."

"काय आहे ते?"

"मला घाबरू नका."

परतताना ऋचाने गाडी चालवता चालवता विचारलं, "डिड यू एव्हर ट्राय टू हेल्प हर, बाबा?"

मी नाही म्हणालो.

बहिणीचा शोध घेतला. काहीच हाती लागलं नाही. इतक्या वर्षांनी लागणार तरी काय.

माझा एक न्यूरॉलॉजिस्ट मित्र म्हणतो, कधीतरी कानावर पडलं असेल, मेंदू साठवून ठेवतो. पण ती माझ्यासमोर कधी बोललीच नव्हती. आणि ती लिपी मला आजही लागत नाही, एक अक्षरसुद्धा. या गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधणं सोडून दिलंय.

एक मात्र बायकोलाही सांगितलेलं नाही, तिला ते इथेच कळेल. त्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये एक म्हातारी कुक होती, जर्मन. सगळ्यांना माहीत होतं. हेड्विगने कागद दिला त्या दिवशीही मी या कुकच्या हातची कॉफी घेतली, पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कागद खिशातच होता. मी तो बाहेर काढला नाही.