कुटलेल्या गोळ्या

धाकट्या जावेला दोन महिने अंगावरून पिवळट जात होतं, खाजही होती. मुदखेडला बायका याला गरमी म्हणतात आणि सब्जा भिजवून देतात. तोही पिऊन झाला. शेवटी मी तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. लैंगिक आजारांसाठी तिथे वेगळी खोली असते, औषध फुकट मिळतं आणि नाव बाहेर जात नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. समुपदेशक बाईंनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मालकांनाही आणा. त्यांनाही औषध लागेल."

पंधरा दिवसांनी त्रास तसाच.

"गोळ्या संपवल्यास का?" मी विचारलं.

"निम्म्या मी घेतल्या. निम्म्या कुटून ह्यांच्या वरणात टाकल्या."

"कडू लागलं नाही त्यांना?"

"लागलं की. तीनदा मेथी जळाली म्हणून बोलणी खाल्ली. पण खरं सांगितलं असतं तर माझ्यावरच संशय घेऊन माहेरी धाडलं असतं."

दिराला तर काहीच त्रास नव्हता. मग त्याला गोळ्या कशाला? हे मला कळेना. तिला घेऊन पुन्हा गेले आणि सरळ विचारलं.

"पुरुषाला बऱ्याचदा काही जाणवतच नाही," बाई म्हणाल्या. "ही बरी झाली तरी त्यांच्याकडून पुन्हा लागण होते. आणि निम्म्या गोळ्यांनी कुणीच बरं होत नाही."

"आलं कुणाकडून?"

"ते तपासणीत कळत नाही. काही न जाणवता महिनोन्‌महिने अंगात राहू शकतं."

दुपारी दिराचं दुकान रिकामं असताना मी त्याला गाठलं आणि बायकोबरोबर त्यालाही औषध लागेल, असं दवाखान्यात म्हणतात, हे सांगितलं.

"वैनी, मला काय धाड भरलीय?"

"कदाचित काहीच नाही. तेच बघायचंय, भावजी."

"नांदेडात निम्मा बाजार मला वळखतो."

"मग लातूरला चला."

लातूरच्या दवाखान्यात बाकावर तो तोंडाला रुमाल बांधून बसला. आत गेला तो अर्धा तास बाहेर येईना. जाऊ फरशीकडे बघत बसली होती. तो दोघांच्या गोळ्या घेऊन आला.

"समदं इचारलं मी, वैनी. कुणाकडनं आलं ते कळत न्हाई, आतल्या बाई म्हणल्या."

"हो."

तो जावेकडे वळला. "मग खाली काय बघतीस? जेवल्यावर घ्यायच्यात ह्या. चल, आधी जेवू."