चार खुंट्या

हिरामणचा बेस गिटार ऐकलाय का, असं विचारलं तर नाशकात एक हात वर होणार नाही. ऐकलाय मात्र सगळ्यांनी. नव्वदच्या दशकात आमच्या पंचवटीतल्या स्टुडिओत डोंगरातली गाणी गिटार-ड्रमवर बसवून ज्या कॅसेटी निघाल्या, त्यांत तळाला वाजतोय तो हा पेठचा गडी. कव्हरवर नाव गायकाचं, फोटोही त्याचाच. हिरामण एका टेकमध्ये काम उरकायचा, म्हणून पहिला फोन त्याला. रिटेक मागणाऱ्या वादकाला पुन्हा कोण बोलावतं?

सत्त्याण्णव साली निर्मात्याला डोंगरात फुंकून वाजवतात ती खरी पावरी हवी होती. हिरामणने बापालाच आणलं. बुधाबाबांच्या पावरीशिवाय त्यांच्या गावात डोंगरदेवाच्या उत्सवाला पाऊल हलत नसे. त्यांनी ती भोपळ्याची पावरी फुंकली आणि मशीनवर बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. पण आधी रेकॉर्ड केलेल्या गिटार-बेसपेक्षा तिचा सूर किंचित खाली होता.

निर्माता हसला. हिरामण ओशाळला.

"बा, तुझी पावरी बेसूर हाय."

"आजवर कुनी बोललं नाय," बुधाबाबा म्हणाले. मग पावरीकडे बघत, "पन तू शिकल्याला. तुझंच खरं असंल."

आठवड्याने ते परत आले. तापल्या सळईने भोकं मोठी करून आणली होती. आता सूर ना आमचा, ना डोंगराचा. शेवटी तेवढा तुकडा कीबोर्डवर उरकला. पावरी बुधाबाबांच्या वडलांच्या हातची. नवी त्यांनी केली नाही. त्या वर्षी उत्सवाला दुसऱ्या गावचा पावरीवाला आणावा लागला.

मीही मोठा शहाणा, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. त्याची लाज अजून वाटते.

दोन हजार सहात बुधाबाबा गेले. दिवस झाल्यावर हिरामण बेस घेऊन आला. तोवर बेससुद्धा कॉम्प्युटरच वाजवत होता; हिरामणला फोन येणं कधीच थांबलं होतं.

"बाचा पहिल्या दिवसाचा टेक हाय का?"

होता. मी लावला. हिरामण कान देऊन ऐकत बेसच्या चारही खुंट्या एकेक करून सैल करत, सूर खाली आणत गेला. मग एक तार छेडली. बेस आणि पावरी, दोन्हींचे सूर एक झाले.

"किती येळ लागला?" त्याने विचारलं.

"दोन मिनिटं."

त्याने बेस भिंतीला टेकवला आणि बाप वाजवत होता तोवर खाली मान घालून रडत बसला.