दोन मुक्या पट्ट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं — आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून परत मिटलं. आज मात्र सांगणार आहे. तुम्ही ऐकून घ्या, एवढंच.

आमच्या शाळेची स्मरणिका निघतेय. मी तिथला मुख्याध्यापक. शाळेत ज्यांनी हयातभर संगीत शिकवलं, त्या खंदारे सरांवर एक पान मी लिहावं असं ठरलं. मी त्यांचा विद्यार्थी, पुढं त्याच शाळेत त्यांचा सहकारी. सर गेल्या वर्षी वारले. मी पान लिहिलंही — हसतमुख, शिस्तप्रिय, सुरांचे उपासक, वगैरे वगैरे. लिहून झाल्यावर वाचलं, आणि स्वतःचीच किळस आली. ते फाडून टाकलं आणि हे लिहायला बसलो.

संगीत शिक्षकाची नोकरी काय असते, कधी पाहिलीय तुम्ही? वेळापत्रकात त्याचा तास शेवटचा. परीक्षा जवळ आली की पहिला तोच उडतो. कुणी मास्तर रजेवर गेला की त्याच्या वर्गावर सर. खिचडीची चव बघायला सर, मतदार यादीला सर. आणि पंधरा ऑगस्ट आठवड्यावर आला की सगळ्यांना एकदम आठवण — सर, दोन गाणी बसवा की! खंदारे सरांची कितीतरी वर्षं अर्धवेळ गेली. सकाळी आमची शाळा, दुपारी ताडकळसची. पूर्णवेळ मान्यता आली तेव्हा त्यांचे केस पिकले होते.

पण पेटीपुढं बसले की हाच माणूस वर्गाचा राजा. आठवीत माझा आवाज फुटला. प्रार्थनेत मी नुसते ओठ हलवायचो. सरांनी ते हेरलं, मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "घाबरायलास कशाला? तुझी पट्टी कोणती, ते तर बघू आदी." पोरं हसत होती. सर एकेक पट्टी खाली उतरत गेले, माझा आवाज जिथं थांबला तिथं थांबले, आणि अख्ख्या वर्गाला त्या पट्टीत गायला लावलं. माझ्यासाठी! मी ते विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज इतकं लागलं नसतं.

त्याच शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो, गणितावर. अजून कायम व्हायचा होतो. संस्थाचालकांची मर्जी, मुख्याध्यापकांचा शेरा — सगळं सांभाळून होतो. सर मात्र मला अजून वर्गातलाच बालाजी समजायचे. पेटीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे ठेवायचे. पेटी साधी, एकेरी सुरांची. तिच्या आतल्या पितळी पात्यांना सूर म्हणतात. एखादा सूर बेसूर झाला की ब्लेडनं हलकेच घासून तो जागेवर आणतात. हेही त्यांनीच मला एकदा दाखवलं होतं. "हात हलका पायजे. एकदा घास, दहादा ऐक," असं म्हणाले होते.

आणि ती पेटी शाळेबाहेर न्यायची नाही, हा सरांचा कायदा. स्वतःसाठीसुद्धा. विहारापुढच्या कार्यक्रमात ते गायचे, पण तिथं घरची जुनी खोका झालेली पेटी घेऊन. शाळेची ती पोरांची.

मग एप्रिल आला. आमच्याकडं मारुतीच्या देवळात सप्ताह बसला, आणि त्याच आठवड्यात विहारापुढं जयंती होती. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला. मंडळी मला म्हणाली, "गुरुजी, शाळंची आणा की. सगळं तुमच्याच हातात हाय." मी फुगलो. सरांना विचारलं नाही — विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. शाळा सुटल्यावर पेटी पोत्यात गुंडाळली आणि मोटारसायकलवर घरी आणली. सप्ताहात सगळं गाव ऐकणार, तर आधी जरा सुरात आणू म्हटलं. एक सूर मला किंचित उतरलेला वाटला. खरंच उतरला होता का? आता कोण सांगणार? मी ब्लेड काढलं. घासलं तर तो जास्तच चढला. उतरवायला दुसऱ्या टोकाला घासलं. पाती पातळ होत गेली आणि भाता दाबताच तुटली. मग घाबराघुबरा होऊन शेजारच्या पातीला हात लावला — तीही गेली.

मंडळाला सांगितलं, शाळेनं परवानगी दिली नाही. पेटी परत कपाटात ठेवली.

एक मेच्या गाण्यांची तालीम सुरू झाली तेव्हा सरांनी पेटी काढली. दोन पट्ट्या मुक्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किल्ली तुझ्यापाशीच होती ना रं, बालाजी?" मी म्हणालो, "मी कपाटावर ठेवली होती सर. कुणीबी घेतली असंल." ते "बरं" म्हणाले.

मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं. पेटी टेबलावर. कुणी नेली, कुणी मोडली — चौकशी. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, जयंतीला नेली असेल. झालं! सगळ्या माना सरांकडं वळल्या. कुणाला आणखी पुरावा लागला नाही. का लागला नाही, ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं. सर उभे राहिले. "मी न्हाई नेली," एवढंच म्हणाले. किल्लीचं नाव काढलं नाही. माझंही नाही.

शिक्षा अशी कागदावर काही झाली नाही. पेटी कुलपात गेली, दुरुस्त केलीच नाही. प्रार्थना स्पीकरवर लागायला लागली. आणि संगीताचे तास गणिताला दिले. गणित कोण शिकवत होतं? मीच. सरांच्या तासाला सरांच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवले, आणि सर व्हरांड्यात खिचडीच्या रांगा लावत राहिले. निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या निरोप समारंभातही गाणं झालं नाही. मी भाषण केलं, चांगलं झालं म्हणाले लोक. गावात अजून कुणी विषय काढला की म्हणतात, माणूस चांगला होता, फक्त तेवढं पेटीचं...

परवा स्मरणिकेसाठी फोटो आणायला सरांच्या घरी गेलो. काकूंनी चहा केला. फोटो पुसता पुसता सहज बोलल्या, "लोकं काय काय बोलले वो सर. त्या साली तर हे जयंतीला गायलेच न्हाईत. घसा लय बसला व्हता. काढा पीत घरीच व्हते." मी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, चहा गरम आहे.

घसा बसला होता, हे मला ठाऊक होतं. त्या आठवड्यात सरांना आवाजच नव्हता म्हणून प्रार्थना पेटीविनाच मी सांगत होतो. अख्ख्या शाळेपुढं, रोज.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी मघापासून घिरट्या घालतोय. वर मी लिहिलं, कोणीतरी म्हणालं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो — कोणीतरी म्हणालं. कोणीतरी नाही. मी म्हणालो. "जयंतीला नेली असेल" हे वाक्य माझं आहे. सर माझ्या समोर बसले होते. मला माहीत होतं की हे चालून जाईल, आणि ते चाललं. पुढं मी कायम झालो.

तरुण होतो, नोकरीचा प्रश्न होता, असं काही म्हणणार नाही. हे पान असंच छापायला दिलंय. समारंभाला काकू पहिल्या रांगेत असतील, त्यांच्यासमोर मीच वाचणार. नंतर जे व्हायचं ते होईल.

काल कपाटातून पेटी काढली. नकाशांच्या गुंडाळ्यांखाली होती. धूळ पुसली, बाकी कशाला हात लावला नाही. वाचून झालं की त्या दिवशी स्पीकर लावायचा नाही. मुलं सरांनी बसवलेली प्रार्थना म्हणतील, पेटी मी वाजवीन. दोन ठिकाणी आवाज येणार नाही. तो का येत नाही, हे तोवर सगळ्यांना कळलेलं असेल.